कॅसलरॉकचा रातबेडूक आणि संशोधकाचा दिवा

कॅसलरॉक हे नाव गोमंतकीयांच्या कानांवरून गेले नाही, असे घर विरळा. १८८८ साली घाटातून आगगाडी धावू लागली तेव्हापासून १९६१ पर्यंत हे पोर्तुगीज राजवटीच्या उंबरठ्यावरचे स्थानक होते. कुळे अलीकडे, कॅसलरॉक पलीकडे. दोहोंमध्ये सदतीस फुटांना एक फूट असा चढ, बोगद्यांची रांग आणि वाटेत दूधसागर. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात याच वाटेने निःशस्त्र माणसे गोव्याच्या हद्दीत शिरली, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आमच्या पिढ्यांना कॅसलरॉक ठाऊक आहे ते असे : जकातीची चौकी, मुक्तिसंग्रामाची वाट, आणि अलीकडच्या काळात गाडीच्या खिडकीतून दिसणारे धुक्यातले एक ओले, हिरवे स्थानक.

परंतु जगाच्या शास्त्रीय दप्तरात कॅसलरॉकची नोंद आणखी एका कारणाने झाली आहे, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असावी. २००५ साली तेथील एका बेडकाला प्रथमच स्वतंत्र शास्त्रीय नाव मिळाले : निक्टिबॅट्रॅकस पेट्रेअस. या नावाच्या पूर्वार्धात रात्र आणि बेडूक आहेत, उत्तरार्धात खडक आहे. कॅसलरॉकमधला खडक तो हाच. हे नाव ज्या दोघांनी दिले त्यांपैकी इंद्रनील दास हे मलेशियातील सारावाक येथे अध्यापन करणारे नामवंत सरीसृप-उभयचरतज्ज्ञ. दुसरे कृष्णमेघ कुंटे. त्या वेळी ते अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात डॉक्टरेटचे विद्यार्थी होते. पदवी हाती पडली ती २००८ साली. म्हणजे आमच्या उंबरठ्यावरच्या या जिवाचे बारसे करणाऱ्यांत एक जण अद्याप 'शिकत असलेला' मुलगा होता. आजचा आमचा विषय हा बेडूक नव्हे. तो शिकत असलेला मुलगा, आणि त्याच्यासारखे आपल्या घराघरांतले शेकडो मुलगे व मुली, हा आहे.

पीएच. डी. करणारा विद्यार्थी दिवसभर काय करतो, हे त्याच्या घरच्यांनाही नीटसे सांगता येत नाही. वर्ग नाहीत, दरवर्षीची परीक्षा नाही, निकालाचा पेढा नाही. रानात काम करणाऱ्यांचेच उदाहरण घेऊ. रातबेडकांचा अभ्यास नावाप्रमाणे रात्रीच करावा लागतो, आणि तोही ऐन पावसाळ्यात. कारण त्यांचा विणीचा हंगाम तोच. ज्या वेळी गावात माणसे कवाडे लावून निजतात त्या वेळी हा विद्यार्थी डोक्याला दिवा बांधून व्हाळाच्या पाण्यात गुडघाभर उभा असतो. पायांना जळवा लागलेल्या असतात. वही पेन्सिलीने लिहायची, कारण शाई पावसात टिकत नाही. आवाज कोठून आला, पाणी किती थंड होते, पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडी किती होती, त्यांतून सुटलेली पिले खाली पाण्यात केव्हा पडली, हे सारे तासातासाला टिपून ठेवायचे. अनेक रात्री अशाही जातात की टिपण्याजोगे काहीच घडत नाही. तरी 'काही आढळले नाही' हेही प्रामाणिकपणे लिहावे लागते. शास्त्रात त्या ओळीलाही मोल आहे.

रात्र सरली की दुसरे काम सुरू होते. भिजलेल्या नोंदी कोरड्या वहीत उतरवायच्या. तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, बोटांचे पडदे, डोळ्यांमधले अंतर ही मापे मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजायची. मग शे-दीडशे वर्षांपूर्वीची वर्णने काढून बसायचे आणि संग्रहालयांतील बाटल्यांत ठेवलेल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचे. एखादा जीव 'नवा' आहे असे म्हणण्यापूर्वी तो जुन्यांपैकी कोणताच नाही, हे सिद्ध करावे लागते; आणि नाही हे सिद्ध करणे आहे सिद्ध करण्याहून नेहमीच कठीण. चार पानांच्या निबंधामागे चार पावसाळे असतात, ते असे.

कुंटे यांच्या उदाहरणातली आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. त्यांच्या डॉक्टरेटचा विषय बेडूक नव्हता. फुलपाखरे एकमेकांची सोंगे कशी आणि का वठवतात, हा होता. चव न आवडणाऱ्या जातीचे रूप घेऊन पक्ष्यांपासून जीव वाचवणाऱ्या कॉमन मॉर्मन या आपल्या अंगणातल्या फुलपाखराचे कोडे त्यांनी पुढे सहकाऱ्यांसह उलगडले. हे सोंग एका जनुकाच्या ताब्यात आहे, असे दाखवणारा त्यांचा निबंध २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज ते बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात संशोधन करतात. विद्यापीठाच्या अर्जावर विषयाची एकच ओळ लिहिण्याची जागा असते. परंतु शोधक बुद्धी त्या ओळीत मावत नाही. वाटेत दुसराच आवाज कानी आला तर थांबून तो ऐकण्याइतकी उसंत विद्यार्थ्याला असावी लागते. कॅसलरॉकचा रातबेडूक हे त्या उसंतीचे फळ आहे.

ही उसंत आपण आपल्या मुलांना देतो काय? घरी पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला : अजून शिकतोसच का रे? दुसरा : संपणार कधी? मुलगी असेल तर तिसरा प्रश्न विचारावाही लागत नाही, तो हवेतच असतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून पाठ्यवृत्ती मिळवणाऱ्याला जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व पुढे ४२,००० रुपये ठरले आहेत. रक्कम वाईट नाही. परंतु ती महिन्याच्या महिन्याला हाती पडतेच असे नाही, आणि ज्यांना ती परीक्षा साधत नाही त्यांच्या वाट्याला याहून कितीतरी कमी, पुष्कळदा काहीच येत नाही. खोलीचे भाडे मात्र थांबत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनात, पीएच. डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, असा सवाल महाराष्ट्राच्या एका ज्येष्ठ मंत्र्यांनी केला होता. त्यांनी मागाहून दिलगिरी व्यक्त केली, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण. पण तो सवाल त्यांच्या एकट्याचा नव्हता. समाजाच्या मनात होता तोच त्यांच्या ओठी आला, असेच आम्हांस वाटते.

म्हणूनच त्याचे उत्तर सरळ द्यावयास हवे. कॅसलरॉक व कुळे यांच्या दरम्यान लोहमार्ग दुपदरी करण्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. रेल्वेला पुन्हा यावयाचे असेल तर या अरण्यातील जीवसृष्टीवर होणाऱ्या परिणामांचा तपशीलवार अभ्यास करून नवा प्रस्ताव आणावा, असेही सांगितले. दुपदरीकरण हवे की नको, यावर गोव्यात दोन मते आहेत आणि त्या वादात आज आम्ही शिरत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. रेल्वे जिंको वा वनराई जिंको, न्यायाच्या तराजूत घालण्यासाठी तपशील लागतो. आणि तो तपशील सचिवालयात तयार होत नाही. तो व्हाळातल्या पाण्यात, पेन्सिलीने, रात्री दोन वाजता तयार होतो. ज्या रानातील जिवांना नावेच नाहीत ते रान कागदावर 'मोकळी जमीन' म्हणून दाखवणे फार सोपे असते. नाव पडले की त्या जिवाच्या वतीने कोणीतरी उभे राहू शकते.

अशी नावे अजून किती पडावयाची आहेत, याची कल्पना २०११ साली आली. प्राध्यापक एस. डी. बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील एकट्या रातबेडकांच्या कुळातच बारा नव्या जाती जगापुढे मांडल्या. २०१४ साली याच उत्तर कन्नड जिल्ह्यात आपल्या अंड्यांवर चिखल लिंपणारा एक रातबेडूक नोंदला गेला. त्याला 'कुंभार' या अर्थाचेच नाव मिळाले. ज्या डोंगरांवरून आमच्या नद्यांचे पाणी उतरते त्या डोंगरांची आमची ओळख इतकी अपुरी आहे.

सर्वच प्रबंध या तोलाचे असतात, असे आम्ही म्हणणार नाही. बढतीसाठी लिहिलेले, इकडून तिकडून जुळवलेले आणि पदवीदानानंतर कपाटात निजलेले प्रबंध सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु खोट्या नाण्यांवर उपाय म्हणजे पारख कडक करणे. टांकसाळ बंद करणे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी डॉक्टरेटसाठी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे ठेवली आहेत. ही सहा वर्षे म्हणजे फार तर सहा पावसाळे. त्यांपैकी एक पाठ्यवृत्तीच्या कागदांत, दुसरा वनखात्याच्या परवानगीची वाट पाहण्यात गेला, तर विद्यार्थ्याच्या हाती उरते काय?

मागणे फार मोठे नाही. पाठ्यवृत्ती ज्या महिन्याची त्या महिन्यात द्यावी. रानात जाण्याच्या परवानगीचा होकार वा नकार पाऊस सुरू होण्यापूर्वी कळवावा. गोवा विद्यापीठ आणि सीमेपलीकडील धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ यांनी या घाटात विद्यार्थ्यांना चार महिने राहता येईल अशी एखादी साधी निवाऱ्याची जागा मिळून उभारावी. बेडकांना राज्याची हद्द ठाऊक नसते, अभ्यासालाही ती नसावी. आणि आपण घरच्या माणसांनी 'संपणार कधी' हे विचारण्याऐवजी 'सध्या काय पाहतोस' हे एकदा विचारावे. या शेवटच्या सुधारणेला सरकारी तरतूद लागत नाही.

काय दिवे लावणार, या सवालाचे उत्तर मग आपोआप मिळेल. ही मुले खरोखरीचाच दिवा लावतात. भर पावसात, काळोख्या व्हाळाच्या काठी, कोणी पाहत नसताना. त्या उजेडात आपल्यालाच आपला प्रदेश दिसू लागतो. त्या दिव्यात वेळच्या वेळी तेल घालणे हे समाजाचे काम आहे, आणि ते उपकार म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून व्हावयास हवे.