गाडीच्या खोलीला दार कसले? घर पाहून ठरवा

एकेकाळी दारात सायकल लावली की काम भागत असे. आज पुण्यातल्या साध्या वस्तीतही तळमजल्याची पुढची खोली दुचाकीसाठी किंवा रिक्षासाठी सोडावी लागते. मग शेजाऱ्याने बसवले म्हणून आपणही लोखंडी शटर बसवून मोकळे होतो. पण शटर हे मुळात दुकानाचे दार. घराला दार निवडताना आधी घराची बांधणी पाहावी.

शटर गुंडाळायला चौकटीच्या वर साधारण फूट-दीड फूट जागा लागते आणि त्याचा भार बाजूच्या भिंतींवर येतो. आर.सी.सी. कॉलम व स्लॅबच्या घराला तो झेपतो. पत्र्याच्या बैठ्या घराला अँगलच्या चौकटीत बसवलेले दोन पल्ल्यांचे पत्र्याचे दार बरे. बोळ अरुंद असेल तर बाहेर उघडणारे पल्ले येणाऱ्या-जाणाऱ्यांना आडवे येतात. तेथे बाजूला सरकणारे जाळीचे गेट सोयीचे. हवाही खेळती राहते. पेठांतील जुन्या वाड्यांचा सांगाडा लाकडी, भिंती मातीच्या. त्यांत शटरचे बोल्ट नीट धरत नाहीत आणि चकचकीत पत्रा तेथे शोभतही नाही. लाकडी पल्ले परवडत नसतील तर लोखंडी पल्ल्यांना सागवानी रंग द्यावा. लोखंड कोणतेही असो, आधी रेड ऑक्साइडचा हात द्यावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज धरतो.

पण शोभेहून मोठी गोष्ट जिवाची. ३० ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे पिंपरी-चिंचवडमधील चिखलीच्या पूर्णानगरात एका हार्डवेअर दुकानाला आग लागली. दुकानातच झोपलेल्या एकाच कुटुंबातील चार जणांचा त्यात अंत झाला. आपल्याकडेही पुढच्या खोलीत गाडी, पेट्रोल, बॅटरीचे चार्जिंग आणि मागे झोपलेली मुलेबाळे असे असते. बाहेर पडायची वाट मात्र तीच एक. आगीच्या उष्णतेने शटर अडकले तर उचलणार कोण? शिवाय दार लावून आत गाडी चालू ठेवणेही घातक. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही.

यावरचा उपाय पुण्यात जुनाच आहे. १७३२ साली उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा भला मोठा. पण माणसांच्या ये-जा करण्यासाठी त्याच दारात छोटा दिंडी दरवाजा आहे. आपल्या दोन पल्ल्यांच्या दारातही फॅब्रिकेटर अशी दिंडी काढून देतो. शटरच हवे असेल तर घरात शिरायला वेगळे दार ठेवावे. वरच्या बाजूला जाळीचा झरोका ठेवावा.

तेव्हा बयाणा देण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून विचार करावा. भिंत भार घेईल का? बोळात पल्ला उघडेल का? रात्री वीज गेली, धूर झाला, तर म्हातारी आई आणि लहान लेकरू कोठून बाहेर पडेल? दार चोराला बंद असावे; घरच्या माणसाला मात्र ते आतून, किल्लीवाचून, एका हाताने उघडता आले पाहिजे.