माप आपलं, जॅकेट आपलं



थंडी सुरू झाली की आमच्या गटाच्या बैठकीत दरवर्षी एक विषय निघतोच. पहाटे द्राक्षबागेत कामाला जायचं, तर अंगात काय घालायचं? निफाडचा पारा किती उतरला, ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून कळतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. थंडीनं घडांचं नुकसान होऊ नये म्हणून बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. घडाची काळजी सगळे घेतात. पण त्याच पहाटे पेठ-सुरगाण्याकडून, नाहीतर शेजारच्या गावातून पिकअपमध्ये उभी राहून येणाऱ्या बाईच्या अंगात काय असतं? साडी, तिच्यावर नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्याला स्कार्फ.

त्या शर्टाला आम्ही नावं ठेवत नाही. ऊन, धूळ, पानांची खाज यापासून तो आपल्याला वाचवतो. पण तो दुसऱ्याच्या अंगासाठी शिवलेला असतो. खांदा दंडावर उतरतो, बाही दोनदा दुमडावी लागते, गळ्यातून वारा शिरतो आणि वर हात केला की सगळा शर्ट वर येतो. म्हणून आज आपण बोलणार आहोत जीन्सच्या जॅकेटबद्दल. ते आपल्या अंगाला कसं बसायला हवं आणि साडीवर, ड्रेसवर ते कसं घालायचं, हा आजचा विषय.

आमच्या गटात हे जॅकेट आधी कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी आणलं. तेव्हा घराघरांतून एकच वाक्य ऐकू आलं, "शेतात फॅशन कशाला?" मैत्रिणींनो, हे कापड मुळात फॅशनचं नाहीच. मुंबईच्या किल्ल्याजवळ डोंगरी नावाची वस्ती आहे. तिथे विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड 'डोंगरी' म्हणून ओळखलं जायचं आणि इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द त्यावरूनच आला. कष्टकऱ्यांचे, खलाशांचे कपडे त्याचे व्हायचे. 'डेनिम' हे नाव मात्र फ्रान्समधल्या नीम या गावावरून पडलं असं सांगतात. अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस हे कापडाचे व्यापारी आणि जेकब डेव्हिस हे शिंपी. कामगारांच्या पँटचे खिसे सारखे फाटायचे, म्हणून डेव्हिस यांनी खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याचे खिळे ठोकले आणि २० मे १८७३ रोजी दोघांना त्याचं पेटंट मिळालं. म्हणजे हे कापड कष्टाच्या अंगावरच वाढलेलं आहे. ते आपल्या अंगावर आलं, तर त्यात वावगं काय?

आता आमची चूक सांगतो. मागे एका थंडीत आम्ही गटाच्या पैशातून एका ठोक विक्रेत्याकडून पंधरा जॅकेटं आणली. सगळ्यांवर 'एल' लिहिलेलं. वाटलं, मोठंच माप आहे, सगळ्यांना होईल. घरी आणून टेप लावली, तर एकाची छाती ४० भरली आणि दुसऱ्याची ३८. कुणाचं बटण लागेना, कुणाची बाही बोटांवर येई. सहा जॅकेटं पेटीत पडून राहिली आणि शेवटी तोट्यात द्यावी लागली. तेव्हा कळलं की 'एल', 'एम' ही अक्षरं ज्याची त्याची असतात. सगळ्या कंपन्यांचं माप एक नसतं. खरी असते ती फक्त टेप.

पण टेपची गोष्ट निघाली की आपल्यापुढे दुसरीच अडचण येते. माप देताना आपण अंग चोरून उभ्या राहतो. समोर शिंपीदादा असले तर खांदे पुढे घेतो, श्वास रोखतो, "अंदाजाने शिवा" म्हणतो. मग जॅकेट नीट बसणार कसं? आम्ही यावर साधा उपाय काढला. बैठकीच्या दिवशी आम्हीच एकमेकींची मापं घेतो. दार लोटून, हसतखेळत. कुणाचं अंग मोठं, कुणाचं बारीक, त्यावर बोलायचं नाही, हा आमचा नियम. माप म्हणजे आकडा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माप घेताना ज्या कपड्यांवर जॅकेट घालणार, तेच कपडे अंगात असू द्या. साडीवर घालायचं तर साडी नेसूनच माप द्या. टेप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, पाठीवर सरळ ठेवून घ्या आणि श्वास नेहमीसारखा चालू द्या. आलेल्या मापात चार इंच मिळवा. समजा साडीवरून छाती ३६ आली, तर तयार जॅकेटची छाती ४० हवी. आत स्वेटर घालायचा असेल, तर अजून एक इंच. दुकानात जॅकेट बटणं लावून टेबलावर सपाट पसरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा. तिथे २० इंच भरले, तर पूर्ण छाती ४०.

आता घालून बघायच्या पाच गोष्टी. लिहून घेतल्यात तर बरं.

पहिली गोष्ट खांदा. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. दंडावर उतरली तर जॅकेट मोठं, गळ्याकडे सरकली तर लहान. बाकीचं शिंपी आत घेऊ शकतो, पण तयार जॅकेटचा खांदा दुरुस्त करणं अवघड आणि खर्चाचं. म्हणून खांदा आधी बघा.

दुसरी गोष्ट मुंढा. आपल्याला वाटतं, मुंढा जितका सैल तितका हात मोकळा. तसं नाही. मुंढा फार खाली असला, तर हात वर करताच पूर्ण जॅकेट वर ओढलं जातं. काखेपासून दोन बोटं खाली असला की पुरे. दोन्ही हात वर करा, मांडवावरचा घड धरतो तसे. पाठ आवळते का? कमर उघडी पडते का? मग दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारा. पाठीवर शिलाई ताणली, तर ते जॅकेट घेऊ नका.

तिसरी गोष्ट छाती. सगळी बटणं लावा आणि खाली बसा. दोन बटणांच्या मधून फट दिसली, तर वरचं माप घ्या. "बटणं उघडीच ठेवीन" असं म्हणून घेतलेलं जॅकेट थंडीत कामाचं नाही.

चौथी गोष्ट बाही. हात सरळ सोडल्यावर बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी. हात पुढे केला की ती थोडी मागे जाणारच. विरळणी करताना, कात्री धरताना लोंबणारी बाही तारेत, काडीत अडकते. कफचं बटण लागायला हवं आणि आत बांगड्या मावायला हव्यात. हे शहरातल्या दुकानात कुणी सांगत नाही, आपलं आपण बघायचं.

पाचवी गोष्ट उंची. खालची पट्टी कमरेच्या थोडी खाली यावी. वाका, पाठ उघडी पडत नाही ना ते बघा. मग मांडी घालून बसा. जॅकेट फार लांब असेल, तर पट्टी निऱ्यांवर अडून सगळं गळ्याशी गोळा होतं. पंजाबी ड्रेसवर घालणाऱ्यांनी तेच जॅकेट एक-दोन इंच लांब घेतलं तरी चालतं.

खिसेही तपासा. बायकांच्या कपड्यांना पुष्कळदा नुसता खिशाचा देखावा असतो, आत हात जातच नाही. मोबाईल आणि बसभाड्याचे पैसे बसतील असा एक तरी खरा खिसा हवा.

साडीवर घालायची रीत अशी. खांद्यावरची मोठी पिन काढून ठेवा, नाहीतर जाड कापडाखाली ती टोचत राहते. पदर पाठीवरून उजवीकडे आणून कमरेला घट्ट खोचा आणि मग जॅकेट घाला. पदर आत राहिल्यामुळे तो स्कूटीच्या चाकात जात नाही, मांडवाच्या तारेत अडकत नाही. लग्नकार्याला पदर बाहेर ठेवायची हौस असेल, तर जरूर ठेवा, पण गाडीवर बसताना आठवणीने आत घ्या. तान्हं बाळ असलेल्या आईला समोरून बटणांचं जॅकेट सोयीचं पडतं. वरची बटणं तशीच ठेवून खालची दोन सोडली की झालं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डेनिम वारा अडवतं, पण ते लोकरीसारखं ऊबदार नसतं. कडाक्याच्या थंडीत आत पातळ स्वेटर हवाच. हे कापड भिजलं की लवकर वाळतही नाही. दवानं ओलं झालेलं जॅकेट अंगावर वाळवू नका, ऊन आल्यावर काढून तारेवर टाका. आणि फवारणीला तर ते मुळीच घालू नका. सुती जाड कापड औषध शोषून घेतं आणि ते कातडीला लागून राहतं. चुकून औषध उडालं, तर लगेच काढा आणि घरच्या कपड्यांपासून वेगळं धुवा.

नव्या जॅकेटचा निळा रंग ब्लाउजला लागतो, ही तक्रार सगळ्यांचीच. डेनिममध्ये उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे धागे पांढरे असतात. निळीचा रंग धाग्याच्या वरच्या थरावर बसतो, आतपर्यंत फारसा मुरत नाही. म्हणून तो घासून निघतो. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं म्हणतात, पण निळीला त्याचा उपयोग नाही. पहिल्या दोन-तीन धुण्यांना जॅकेट उलटं करून, गार पाण्यात, वेगळं धुवा आणि सावलीत वाळवा. तोवर पांढरा, फिका ब्लाउज आत घालू नका.

ज्या गटांकडे शिलाई मशिन आहे, त्यांनी हे जॅकेट शिवूनही बघावं. ५८ इंची पन्ह्याचं पावणेदोन मीटर कापड साधारण एका जॅकेटला लागतं. कापण्याआधी कापड भिजवून वाळवून घ्या. २२ इंचांची बाही पाच टक्के आटली, तर एक इंचाहून जास्त कमी होते. मशिनला १६ नंबरची सुई लावा, शिवणी जाड असतील तर १८ नंबरची. नेहमीची बारीक सुई मोडते. पट्टी आणि कॉलर जुळते तिथे चार-सहा थर येतात, तिथे मोटर न चालवता चाक हाताने फिरवा. पहिलं जॅकेट विकायला नको, आपल्यातल्याच एकीसाठी शिवा. ते घालून ती आठवडाभर कामाला जाईल आणि कुठे आवळतं, कुठे फाटतं ते सांगेल. मगच दुसरं कापा.

आमच्या गटातल्या एका मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचं काही घेतलं, ते हे जॅकेट. ब्लाउजसुद्धा त्या जुन्या ब्लाउजच्या मापावरच शिवून घ्यायच्या. आपलं माप त्यांना ठाऊकच नव्हतं. आता वहीत त्यांच्या नावापुढे पाच आकडे लिहिलेले आहेत.

तर पुढच्या बैठकीत टेप घेऊन या. गटाच्या वहीत एक पान मापांसाठी ठेवा. खांदा, छाती, मुंढा, बाही, उंची. प्रत्येकीच्या नावापुढे हे पाच आकडे आणि तारीख लिहा. अंग बदलतं, म्हणून वर्षातून एकदा नव्याने घ्या. मग दुकानात जा किंवा मशिनवर बसा, फसगत होणार नाही. आणि हो, माप देताना अंग चोरू नका. ताठ उभ्या राहा.