पेशीकेंद्राचा पोत : डोळ्याचे मोजमाप आणि यंत्राचे

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय आपण सर्वांनीच अभ्यासलेला आहे. स्थिर, खोलवर मूळ असलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे अर्बुद हे दर्शन व स्पर्शनाने ओळखावयाचे आहे. परंतु बोटांना अद्याप काहीच लागत नाही अशा अवस्थेत काय करावे? त्या अवस्थेसाठी आज सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टी आहे, आणि तिच्यावर दिसणाऱ्या पेशीकेंद्राचा पोत संगणकाद्वारे मोजताही येतो. हे मोजमाप म्हणजे नेमके काय, आणि नांदेड-लातूरकडील वैद्याला त्याचा उपयोग कोठवर, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

हिमॅटॉक्सिलिन या रंगद्रव्याने पेशीचे केंद्र निळे-जांभळे दिसते. निरोगी केंद्रातील क्रोमॅटिन बहुधा बारीक व सारखे पसरलेले असते. कर्करोगाच्या पेशीत ते अनेकदा जाड गुठळ्यांनी विखुरलेले दिसते, केंद्र मोठे होते व त्याची कड वेडीवाकडी होते. विकृतिशास्त्रज्ञ यालाच 'खरबरीत क्रोमॅटिन' म्हणतात. गुर्वादी गुणांतील श्लक्ष्ण व खर ही जोडी येथे कोणालाही सहज आठवेल. पण शब्दसाम्यावरून प्राचीनांना केंद्रक ठाऊक होते असे म्हणणे आम्हांस उचित वाटत नाही. अडचण निराळीच आहे. 'खरबरीत' किती, हे पाहणाऱ्यागणिक बदलते.

संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे आकड्यांची जाळी. काळ्यासाठी ०, पांढऱ्यासाठी २५५, आणि मधल्या सर्व करड्या छटा. समजा, एका केंद्रातील चार शेजारी ठिपके ६०, ७०, १८०, १९० असे आहेत, आणि दुसऱ्यातील ६०, १८०, ७०, १९० असे आहेत. आकडे तेच, म्हणून सरासरी १२५ ही तीच आणि सरासरीभोवतीचा विखुरलेपणाही तोच. मात्र प्रत्येक ठिपक्याची उजव्या शेजाऱ्याशी वजाबाकी करून तिच्या वर्गांची सरासरी काढली, तर पहिल्या ओळीत ४,१०० येते व दुसऱ्या ओळीत सुमारे १३,६३३. पोत छटांमध्ये नसून छटांच्या शेजारपणात असतो, हे यावरून ध्यानी येईल. हॅरालिक, षण्मुगम व दिनस्टाइन यांनी १९७३ साली अशा शेजारपणाची कोष्टके मांडून त्यांवरून चौदा मापे सुचविली. ती मुळात हवाई छायाचित्रांतील भूभाग वगैरे ओळखण्यासाठी उपयोगात आणली गेली. पेशीकेंद्रापर्यंत ती नंतर आली.

संगणकशास्त्राचे विद्यार्थी ज्यावर हात बसवितात तो अमेरिकेतील विस्कॉन्सिनचा संच याच प्रकारचा. स्तनातील ५६९ गाठींतून सुईने काढलेल्या पेशी, त्यांपैकी २१२ कर्करोगाच्या, आणि केंद्राची दहा मापे. त्यांतील 'पोत' हे माप मात्र केवळ करड्या छटांचा विखुरलेपणा सांगते. म्हणजे आमच्या वरील दोन ओळींत त्याला काहीच फरक दिसणार नाही! त्या संचातून उत्तम निकाल येतात ते केंद्राचा आकार व कडेच्या खाचा यांच्याही बळावर. तेव्हा 'पोत मोजला' असे कोणी सांगितले, तर कोणत्या रीतीने, हे विचारणे आवश्यक आहे.

शिवाय खरबरीतपणा हा कर्करोगाचा सार्वत्रिक नियमही नव्हे. अवटु ग्रंथीच्या पॅपिलरी कर्करोगात केंद्रे उलट धूसर काचेसारखी रिकामी दिसतात. आणि नुसत्या शोथानेही केंद्रे मोठी व गडद होतात.

यंत्राच्याही आधी काचपट्टी येते. रंग अधिक वेळ राहिला तर केंद्र गडद होते. चित्र किंचित अस्पष्ट आले तर खरबरीत पोतही गुळगुळीत मोजला जातो. गर्भाशयमुखाच्या पॅप चाचणीची काच तत्काळ अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. ती वाळली की केंद्रे फुगून फिकट होतात व क्रोमॅटिनचा तपशील नाहीसा होतो. मराठवाड्यातील वैशाखात, पंखा लावलेल्या आरोग्य शिबिरात, काच वाळण्यास असा कितीसा वेळ लागणार? तेथे हरवलेला तपशील पुढे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही.

केंद्र पाहण्याच्या मर्यादेचा मोठा पुरावा आपल्याच भागातील आहे. लातूर जिल्हा १९८२ साली ज्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातून वेगळा झाला, तेथे बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. चार गटांपैकी एकाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप चाचणी, तिसऱ्याची ॲसेटिक आम्ल लावून पाहणी झाली. चौथ्यास नेहमीची सेवा मिळाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विषाणूचाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. पॅप गटात मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. विषाणू शरीरात असतो, पण केंद्राचा पोत अजून बिघडलेला नसतो, असा काळ असतो. त्या काळात केंद्र पाहणाऱ्याच्या हाती, मग तो मनुष्य असो वा यंत्र, काही लागत नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही प्राथमिक चाळणीसाठी विषाणूचाचणीलाच प्राधान्य दिले. चाळणीत दोष आढळल्यावर मात्र तुकडा काढून केंद्रेच तपासावी लागतात, आणि पोताच्या मोजमापाचे खरे स्थान तेथे, विकृतिशास्त्रज्ञाच्या शेजारी आहे.

आपल्या चिकित्सालयात स्तनातील वा मानेतील न दुखणारी गाठ घेऊन येणारा रुग्ण अनेकदा लेप मागतो. गाठीचे स्वरूप सुईच्या तपासणीने ठरेपर्यंत केवळ लेपावर आठवडे घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. रुग्णास पाठविताना चिठ्ठीवर गाठ किती दिवसांची आहे ते लिहावे. त्या जागी क्षार, अग्निकर्म किंवा तीक्ष्ण लेप झाला असल्यास तोही तारखेसह नोंदवावा. दाह झालेल्या ऊतीतील केंद्रेही गडद व मोठी दिसतात, आणि काचेवर पाहणाऱ्याला त्याचे कारण चिठ्ठीवाचून कळण्यास मार्ग नसतो.