निकामी संगणकातून शाळेचे घड्याळ

कित्येक शाळांच्या कपाटामागे एखादा बंद पडलेला संगणक धूळ खात असतो. जडवस्तू संग्रह नोंदवहीतून त्याचे रीतसर निर्लेखन झाल्याखेरीज त्यास हात लावू नये. हा सोपस्कार कंटाळवाणा खरा. परंतु तपासणीच्या वेळी तोच शिक्षकाच्या कामी येतो. त्यानंतर मात्र वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून त्याच्या काही भागांचे घड्याळ करवून घेता येते.

संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराच्या बॅटरीजवळ बहुधा धातूची एक चिमुकली, चकचकीत नळी आढळते. तिच्यात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्याच्या भोवतीचे विद्युन्मंडल चालू होताच तो सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. पण तो २ चा पंधरावा घात होय. म्हणजेच तो पंधरा वेळा निम्मा केला असता नेमका १ उरतो. हा भागाकार विद्यार्थ्यांस आधी फळ्यावर करावयास लावावा. नळी काढताना डाखणीचा अतिरेकी ताप देऊ नये. तिचे पाय केसासारखे बारीक असतात. जुन्या डाखात शिसे असते, म्हणून काम संपताच हात धुवावेत.

पुढील चिपा बाजारातून आणाव्या लागतात. ४०६० क्रमांकाची चिप, तिच्या माहितीपत्रकाप्रमाणे स्फटिकास जोडली असता, कंपने चौदा वेळा निम्मी करते व सेकंदास दोन ठोके देते. ४०२४ या चिपेत सात पायऱ्या असतात. पहिली पायरी पंधरावे निम्मे करते. उरलेल्या सहा सेकंद मोजतात. त्या सहांस १, २, ४, ८, १६ व ३२ अशा किमतींचे दिवे जोडावेत. पेटलेल्या दिव्यांची बेरीज म्हणजे सेकंद. ३२, १६, ८ व ४ मिळून ६० होतात. हे चारही एकदम पेटले की चार डायोडांच्या जोडणीने चिप शून्यावर आणावयाची. त्या क्षणी ३२ चा दिवा विझतो आणि त्याच बदलाने दुसरी ४०२४ चिप एक मिनिट पुढे सरकते. तासांच्या तिसऱ्या चिपेस १६ व ८ हे दोनच पुरतात.

एकूण सतरा दिवे लागतात. कळफलकावरील तीन व पेटीच्या दर्शनी बाजूचे दोन हाती येतात. बाकीचे विकत घ्यावेत. प्रत्येकास ४,७०० ओहमचा रोधक लावावा. प्रकाश मंद पडतो, पण चिपेवर भार येऊन मोजणी चुकत नाही.

विजेसाठी मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर घ्यावा. संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील धारित्रांत जीवघेणा भार राहू शकतो. वीज गेली की घड्याळ शून्यावर येते, यास्तव दीड व्होल्टचे तीन सेल डायोडमार्फत जोडून ठेवावेत.

असा स्फटिक सुमारे २५ अंश तापमानास सर्वांत जलद चालतो. उष्णता वाढो वा घटो, तो मंदावतो. पत्र्याच्या छताखाली वैशाखात हे घड्याळ आठवड्यास काही सेकंद मागे पडलेले दिसेल. दर सोमवारी मोबाइलवरील वेळेशी ताडून तो फरक विद्यार्थ्यांनी तापमानासह वहीत नोंदवावा.