तुरीवरचे पांढरे ठिपके आणि बरणीतलं मीठ

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्यासारख्या गावात धान्य साठवणुकीचं विज्ञान शाळेतच शिकवायला हवं. प्रयोगशाळाही लागत नाही!

पोरांनो, साठवणीतली तूर तळहातावर घ्या. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके दिसतात? ती भुंगेऱ्याची अंडी. हा किडा बऱ्याचदा शेतातच शेंगांवर अंडी घालतो आणि मालासोबत घरात येतो. अळी दाण्याच्या आत वाढते, मग भुंगा गोल भोक पाडून बाहेर पडतो. भरडलेल्या डाळीत मात्र त्याचं फारसं जमत नाही. म्हणून तूर ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवणं बरं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल त्याच कामाची.

आता ओलावा. मला सगळ्यात आवडणारा प्रयोग हा: कोरड्या काचेच्या बरणीत मका आणि चांगलं कोरडं मीठ घाला, झाकण लावून हलवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून ओला आहे, पुन्हा उन्हात घाला. साठवणीसाठी ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत हवा, कडधान्यात त्याहूनही कमी.

आणि उन्हातून आणलेलं धान्य गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरलं तर आत पाणी सुटतं, बुरशी धरते.