गाडीचे इंजिन : दुरुस्ती की बदली?

पूर्णेहून वसमतच्या बाजाराला हळद घेऊन निघालेली गाडी वैशाखाच्या उन्हात तापते आणि वाटेतच बसते. मिस्त्री म्हणतो, "इंजिनच बदला." हंगामाची कमाई पणाला लागते. तेव्हा काय करावे?

घाई करू नये. इंजिन निवले की तेल मोजायची पट्टी उपसून पाहा. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. बहुधा गास्केट जळलेले असते किंवा हेड वाकलेले असते. ते दुरुस्त होते. निळा धूर निघत असेल, तर तेल जळते आहे. पुष्कळदा नव्या रिंगा किंवा लायनर यांवर भागते. मात्र ब्लॉकलाच मोठा तडा गेला, क्रँक मोडली, तर जुन्यावर पैसा ओतणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

म्हणून इंजिन उघडून मापे घेतल्यावर खर्चाचा अंदाज लेखी मागा. तो बदली इंजिनाच्या आणि गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहा. इंजिन बदललेच, तर त्याचा क्रमांक परभणीच्या परिवहन कार्यालयात नोंदवा. आणि गाडी तापली कशाने, हे आधी शोधा. नाही तर नवे इंजिनही त्याच वाटेने जाईल!