टाक्यांची भिशी

ग्रुप प्रोजेक्टवर नावं पाच असतात आणि पीपीटी एकानेच केलेली असते, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही एकतर तो 'एक' असता किंवा उरलेल्या चारांतले. मी दोन्हीकडे बसून आलोय. म्हणूनच पुण्यातल्या आठ जणींच्या एका ग्रुप प्रोजेक्टची गोष्ट तुम्हाला सांगायचीय. यांच्याकडे सबमिशन नाही, व्हायवा नाही. पण कुणी किती काम केलं, यावरून भांडण मात्र आपल्यासारखंच झालं.

झालं असं, की इंटर्नशिपच्या दुसऱ्या आठवड्यात मला सांगण्यात आलं, "कोथरूडमध्ये काही बायका दर महिन्याला जमून गोधड्या शिवतात. जाऊन ये, बघ काय मिळतंय." रिक्षात बसल्या बसल्या मी हेडिंगपण ठरवून टाकलं होतं: 'मायेची ऊब'. फोटो कुठला, शेवट काय, सगळं डोक्यात तयार. आता आठवलं की लाज वाटते.

महिन्याचा दुसरा शनिवार. दुसराच का, तर ग्रुपमधल्या एक काकू बँकेत आहेत आणि त्या दिवशी बँकेला सुट्टी असते. दुपारी दोनला पोहोचलो तर हॉलमधला सोफा भिंतीला लावलेला, टीपॉय गॅलरीत, मध्ये सतरंजी आणि सतरंजीवर पसरलेली अर्धवट गोधडी. तिच्या चारही बाजूंनी बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर एकाच गोधडीचा आपापला तुकडा. मी म्हणालो, "आमच्याकडे कोल्हापूरला याला वाकळ म्हणतात." एक काकू मान वर न करता म्हणाल्या, "म्हण की. बस खाली आणि सुई ओव."

भिशी, पण पैशांची नाही

तुमच्या आईची भिशी तुम्ही पाहिली असेलच. सगळ्या जणी दर महिन्याला ठरलेली रक्कम काढतात, चिठ्ठी उचलतात आणि जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम मिळते. या ग्रुपने तेच केलं, फक्त पैशांच्या जागी टाके ठेवले. महिन्याला एक चिठ्ठी निघते. जिची चिठ्ठी, त्या महिन्याची गोधडी तिची. जुन्या साड्या तिच्या घरच्या, आणि आठही जणी दोन ते सहा बसून तिच्यासाठी शिवायच्या. उरलेलं काम वाटून घरी न्यायचं. आठ महिन्यांत आठ गोधड्या, की चिठ्ठ्या पुन्हा डब्यात.

गोधडी एकटीने शिवता येत नाही असं नाही. पिढ्यान् पिढ्या बायकांनी दुपारची कामं उरकून एकेकटीने शिवल्याच आहेत. पण एकटीने शिवायची तर महिनोन् महिने ती कोपऱ्यात पडून राहते. आठ जणी बसल्या की महिन्यात उठते.

आणि त्यात काम किती असतं, याचा मला अजिबात अंदाज नव्हता. नऊवारी लुगडं साधारण आठ मीटर लांब. ते कापून, जोडून सतरंजीवर पसरलं की एकात दोन थर बसतात. असे चार-पाच थर एकावर एक. आत मऊ झालेली धोतरं, चादरी, वर चांगल्या रंगाची साडी किंवा ठिगळांची जोडणी. हे सगळं हलू नये म्हणून आधी मोठे कच्चे टाके घालायचे. मग कडेपासून सुरू करून, चौकोनात चौकोन घेत आत आत जायचं. टाका साधा, धावदोरा. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलात तोच. फक्त तो हजारो वेळा घालायचा, आणि एका अंतराने घालायचा.

मी अर्धा तास शिवलं. माझे टाके बोटभर लांबीचे. यजमान काकूंनी पाहिले, हसल्या आणि कात्रीने सगळे उसवून टाकले. "अरे, एवढा लांब टाका घातला तर रात्री पायाचं बोट अडकेल त्यात. बोट अडकलं की दोरा तुटतो, दोरा तुटला की आख्खी ओळ जाते." अर्ध्या तासाचं माझं काम अर्ध्या मिनिटात गेलं. मोबाइलमध्ये फोटो तेवढे चांगले आले.

त्या दिवशी आठपैकी सातच जणी होत्या. सगळ्यात मोठ्या आजी आल्या नव्हत्या. मी विचारलं तर कुणी नीट उत्तर दिलं नाही.

वहीतला रिकामा रकाना

या भिशीची एक वही आहे. बँकेतल्या काकू ती ठेवतात. डावीकडे नावं, वर महिने आणि प्रत्येक चौकोनात तास. कोण किती वेळ बसलं, घरी किती केलं, सगळं त्यात. ग्रुपमध्ये त्यांना 'मॅनेजर' म्हणतात, आणि ते कौतुकानेच म्हणतात असं नाही.

पुढच्या महिन्यात मी परत गेलो. खरं तर फोटो घ्यायचे राहिलेत असं सांगून गेलो. या वेळी आजी आल्या होत्या. लातूरकडच्या, वय चौऱ्याहत्तर. त्यांची चिठ्ठी चौथ्या महिन्यात निघाली होती आणि नात हॉस्टेलला गेली तेव्हा ती गोधडी घेऊन गेली. त्यानंतर आजींच्या डोळ्यांच्या पडद्याचा त्रास वाढला. सुई दिसेना. पाचव्या, सहाव्या शनिवारी त्या आल्याच नाहीत. हा सातवा होता आणि त्या सुई घेऊन नव्हे, पाकीट घेऊन आल्या होत्या.

"माझी गोधडी झाली. तुमच्या तिघींना मी काहीच दिलं नाही," त्या म्हणाल्या. "बारा तास होतात माझे. त्याचे पैसे सांगा. कुणाकडून तरी शिवून घ्या."

आता इथे एक मागची गोष्ट सांगावी लागेल. काही महिन्यांपूर्वी एका दुकानदाराने यांची गोधडी बघून विचारलं होतं, दर महिन्याला एक द्याल का, पंधराशे देतो. बँकेतल्या काकूंनी वही उघडली. एका गोधडीत शनिवारचे आणि घरचे मिळून छप्पन्न तास. पंधराशे भागिले छप्पन्न, म्हणजे तासाला सत्तावीस रुपयेसुद्धा नीट पडत नव्हते. कापड, दोरा वेगळाच. त्याला नाही म्हणून कळवलं.

आजींना ते सत्तावीस आठवत होते. बारा गुणिले सत्तावीस, तीनशे चोवीस. त्यांनी घरून हिशोब करून, सुटे पैसे बरोबर मोजून आणले होते.

कुणीच काही बोलेना. मग आयटीत नोकरी करणारी ग्रुपमधली सगळ्यात लहान ताई म्हणाली, "ती वहीच बंद करा. आपण काय कंपनी आहोत का? जिला जेवढं जमेल तेवढं तिने करावं." मला वाटलं, वा, झालं, हाच आपला शेवट. मी तर टिपूनपण घेतलं.

पण बँकेतल्या काकू म्हणाल्या, "वही बंद केली की काय होतं माहितीये? जी बोलत नाही, तिच्यावर सगळं पडतं. घरी काय होतं आपल्या? कुणी मोजतं का?"

थांबा, हे वाक्य जरा आपल्याकडे वळवून बघा. ग्रुप प्रोजेक्टमध्ये 'जमेल तेवढं करू रे' असं म्हणणारा कोण असतो, आणि रात्री दोनला स्लाइड्स जोडत कोण बसलेलं असतं? मोजायचं नाही म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं, एक सोडून.

"मग घ्या ना पैसे," आजी म्हणाल्या.

"नाही घेणार. जो भाव मी त्या दुकानदाराला नाकारला, तो तुम्हाला कसा लावू?"

तेव्हा यजमान काकू, ज्या इतका वेळ चहा गाळत होत्या, आतूनच म्हणाल्या, "आणि शुक्रवारचं काय?"

शुक्रवारचं काम

शनिवारी आठ जणी येऊन शिवायला बसतात, म्हणजे त्याआधी थर लावून, ताणून, कच्चे टाके घालून गोधडी तयार असावी लागते. ते काम आदल्या दिवशी होतं. थर लावणं हे सगळ्यात अवघड. खालची चादर जरा सैल राहिली तर शिवताना चुणी येते, आणि एकदा आत चुणी पडली की ती वरून काढता येत नाही. कुठलं कापड मध्ये, कुठलं वर, जुनी साडी कुठे विरलीय, तिथे आतून ठिगळ द्यायचं का, हे सगळं तेव्हाच ठरतं.

हे काम पहिल्या महिन्यापासून आजी करत होत्या. यजमान काकू कापडाचं दुसरं टोक धरायच्या, बाकी सगळं आजींचं. डोळे गेल्यावरसुद्धा. त्यांना बघावं लागत नाही, तळहात फिरवला की कुठे सैल आहे ते कळतं. शनिवारी लाजेपायी न येणाऱ्या आजी शुक्रवारी मात्र न चुकता येत होत्या. बँकेतल्या काकूंना हे कधी दिसलंच नाही, कारण शुक्रवारी त्या बँकेत. आणि यजमान काकूंनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या शब्दांत, "आजींचं ते असतंच ना, त्यात काय सांगायचं."

सात शुक्रवार. दर वेळी तीन तास. एकवीस.

बँकेतल्या काकूंनी पट्टी घेऊन वहीत एक नवीन रकाना आखला. वर लिहिलं 'थर'. आजींच्या नावापुढे सात वेळा तीन लिहिलं. बेरीज केली आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हीच आमच्या पुढे आहात नऊ तासांनी." यजमान काकूंचं नाव तेवढ्यात मीच सुचवलं, टोक धरण्याबद्दल. तेही लिहिलं गेलं. ताई अजूनही म्हणत होती की वही नकोच. ते भांडण मिटलेलं नाही, पुढच्या शनिवारी परत होईल असं मला सांगण्यात आलंय.

जगात इतरत्र

जमून गोधडी शिवणं आपल्याकडेच आहे असं नाही. शेजारी कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' शिवतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून तिकडे आले. त्यांचीही शिलाई कडेपासून आत जाते आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची 'फुला' लावल्याशिवाय कवंदी पूर्ण धरत नाहीत.

आणि वहीवर विश्वास असलेल्यांसाठी अमेरिकेतलं एक उदाहरण. अलाबामा राज्यात कृष्णवर्णीय बायकांनी 1966 मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून तिथल्या अनेक कुटुंबांचं काम आणि घर गेलं होतं. घरात पांघरायला शिवत होत्या तेच मग न्यूयॉर्कच्या दुकानांत विकायला पाठवू लागल्या आणि त्याचे पैसे हातात येऊ लागले. त्याच भागातल्या जीज बेंड गावातल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली.

तुम्हाला करायचीय?

चार-पाच मित्रमैत्रिणी असतील तर लहान गोधडीपासून सुरू करा, बाळाची असते तेवढी. जुन्या सुती साड्या, ओढण्या, चादरी घ्या. सिंथेटिक साडी घसरते आणि घामही शोषत नाही, ती नको. टी-शर्ट लावायचाच असेल तर तो ताणला जातो, म्हणून आधी साध्या सुती कापडावर टाचून घ्या. सगळं कापड शिवण्याआधी धुऊन वाळवा, नाहीतर नंतर एक थर आटतो आणि बाकीचे फुगतात. जाड सुती दोरा, लांब सुई आणि बोटाला अंगुस्तान. अंगुस्तान नको म्हणाल तर माझं मधलं बोट येऊन बघा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा धरून चला, जरा मोठा झाला तरी चालेल.

आणि एक वही ठेवा. पण त्यात आधी रकाने कोणते हे सगळ्यांनी मिळून ठरवा. सामान कोण आणतं, खोली कोण देतं, नंतर झाडून कोण काढतं, तेसुद्धा लिहा. पुढच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टलाही ही वही चालेल.

आता आठवी आणि शेवटची चिठ्ठी उरलीय. ती काढायची गरजच नाही, कारण डब्यात एकच नाव आहे, बँकेतल्या काकूंचं. त्यांनी त्या शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. आजींनी सांगितलंय, दुसरं टोक या वेळी मॅनेजरनेच धरायचं. आजींकडची पद्धत अशी, की गोधडी बंद करण्याआधी तिच्या पोटात पोळीचा चतकोर ठेवायचा, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. ती पोळी आणायचं काम माझ्याकडे आलंय. माझं नाव वहीत लिहिलंय, पेन्सिलने, सगळ्यात खाली. तास अर्धा. ते उसवलेले टाके काकूंनी धरले की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.